सुवासाची साक्ष

वैशाख सरत आला की शहापूर व मुरबाड या तालुक्यांत, माहुलीच्या पायथ्यापासून माळशेज घाटापर्यंत, रायवळ आंब्यांचा घमघमाट सुटतो. झाडावर फणस पिकला, तर तो पानांआड असूनही दुरून ओळखू येतो. फळ पिकले, आता ते खावे, अशी जणू सुवासच साक्ष देतो. रानात वाढलेली मुले या साक्षीवर निःशंक विश्वास ठेवतात आणि सहसा फसत नाहीत.

मात्र मनुष्याने खोटी साक्ष देणारे सुवासही तयार केले आहेत.

तंबाखू मुळात कडू व उग्र असते. ती प्रथमच घेणाऱ्यास ठसका लागतो, मळमळते. ही शरीराने दिलेली सूचनाच होय. तंबाखूत निकोटिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते मेंदूत पोहोचताच क्षणभर तरतरी वाटते. ती ओसरली की ते पुन्हा हवेसे वाटते. अशा रीतीने मनुष्य त्याचा चाकर बनतो. मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. म्हणून कोवळ्या वयात हे व्यसन लवकर जडते.

शरीराची ही सूचना सुवासाने झाकता येते. गुटख्यात सुगंधी द्रव्ये मिसळतात, ती यासाठीच. इ-सिगारेटमध्ये तर आंबा, कलिंगड, पुदिना असे नाना वास असतात. तिच्या नळीत बॅटरी, तार व औषधी द्रव असल्यासारखा दिसणारा एक द्रव असतो. तार तापली की त्या द्रवाचे सूक्ष्म तुषार होऊन छातीत जातात. धूर नाही, राख नाही. म्हणून ती निरुपद्रवी भासते. जळत्या सिगारेटीतील काही विषे तीत कमी असतात, हे खरे. परंतु बहुतेक द्रवांत निकोटिन असतेच.

हा धोका ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर आणि पुढील वर्षी सुगंधित तंबाखूवरही बंदी घातली. अमेरिकेने २००९ साली फळांच्या वासाच्या सिगारेटी मना केल्या होत्या. भारताच्या संसदेने २०१९ साली याहून पुढचे पाऊल टाकले. वास कोणताही असो, इ-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात हे सारेच तिने गुन्हा ठरविले. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात यांच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे, यांस २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे.

कायदा विक्रेत्यास अडवितो. परंतु एखादा सोबती सुवासिक पुडी किंवा नळी हळूच पुढे करतो, तेव्हा तेथे शिपाई उभा नसतो. जिच्यात आंबा नाही, त्या वस्तूस आंब्याचा वास कोणी व कशासाठी दिला, एवढा एक प्रश्न त्या क्षणी मनात उठला, तरी पुढे आलेला हात मागे फिरतो.