रक्तप्रवाह रोखून केलेला व्यायाम आणि मुठीची पकड

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील उसाच्या फडात कोयता चालवणारा मजूर असो, तालमीतला मल्ल असो, की दौंड येथील राज्य राखीव पोलीस दलाचा जवान असो, प्रत्येकाच्या कामाचा भार अखेर मुठीवर येतो. ही पकड मुख्यतः कोपराखालच्या, बोटे मिटवणाऱ्या स्नायूंमधून येते; कोपर काटकोनात ठेवून मुठीत दाबायच्या उपकरणाने, म्हणजे डायनॅमोमीटरने, ती किलोग्रॅममध्ये मोजतात.

स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी एरवी जड वजन लागते. परंतु जपानच्या योशिआकी सातो यांनी १९६०च्या दशकापासून विकसित केलेल्या पद्धतीत दंडावर फुगवता येणारा पट्टा असा बांधतात, की धमनीतून रक्त कमी प्रमाणात का होईना आत येत राहते, पण शिरांतून परत जाणारे रक्त अडते. त्यामुळे स्नायूत प्राणवायू घटतो, लॅक्टेटसारखी द्रव्ये साचतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे जलद तंतू हलक्या वजनालाही कामाला लागतात. कमाल क्षमतेच्या २० ते ३० टक्के वजनाने ३०, १५, १५, १५ अशी आवर्तने, मध्ये साधारण ३० सेकंदांची विश्रांती, हा रूढ क्रम आहे.

निरोगी तरुणांमध्ये याने स्नायूंचा आकार जड व्यायामाइतका वाढू शकतो, मात्र ताकद बहुधा त्याहून कमी वाढते. दोरी किंवा कापड आवळून हा प्रयोग करणे धोक्याचे असते, कारण दाब मोजता येत नाही. रक्ताच्या गुठळ्या, उच्च रक्तदाब किंवा सिकलसेल असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा व्यायाम टाळावा.