घाटातलं रिकामं स्टेशन

"वहिनी, उद्या एक स्टेशन बघायला जाऊ या," धाकटी नणंद म्हणाली तेव्हा मला हसूच आलं. टोकियोला तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी आलेली मी, देवळं-बागा सोडून स्टेशन बघू? तेही जिथे गाडीच येत नाही असं! पण "घाटातलं आहे हो," म्हणाली आणि मी लगेच तयार झाले. माझं बालपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील लाइनवर कामाला होते.

टोकियोच्या वायव्येला गुन्मा प्रांतात उसुई नावाचा घाट आहे. तिथे १८९३ मध्ये रेल्वे सुरू झाली. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ, तर इथे चक्क १५ फुटांना एक! म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवत गाडी वर चढायची. १९६३ मध्ये शेजारून नवी लाइन झाली आणि दातेरी रूळ गेले. १९९७ मध्ये शिंकान्सेन धावू लागली आणि घाटातली रेल्वेच बंद झाली.

पण त्यांनी ती मोडीत काढली नाही. जुन्या मार्गावर चालायची वाट केली. २०१२ पासून ही वाट योकोकावा स्टेशनापासून थेट कुमानोताइरा या बंद स्टेशनापर्यंत जाते. अंतर सहा किलोमीटर, वाटेत दहा बोगदे. बोगद्यांत दिवे आहेत, १९१२ सालचं विटांचं वीजकेंद्रही छान दुरुस्त करून ठेवलंय.

योकोकावाला आधी पोटोबा! इथे घाटासाठी इंजिन जोडायला गाडी थांबायची. मिनेजी ताकामिझावा या बाईंनी नवऱ्यामागे स्टेशनावरचा डब्यांचा धंदा सांभाळला. प्लॅटफॉर्मवर फिरून त्या प्रवाशांनाच विचारायच्या, तुम्हाला काय खायला आवडेल? उत्तर यायचं, गरम आणि घरच्यासारखं. मग १९५८ पासून मातीच्या भांड्यात गरम भात मिळू लागला, वर अळंबी, बांबूचे कोंब, अगदी जर्दाळूसुद्धा. अजूनही मिळतो. मला आठवला कर्जतला बँकर लागेपर्यंत खिडकीतून घेतलेला दिवाडकरांचा वडा. घाट कुठलाही असो, भूक सारखीच!

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. मेपलची पानं लालभडक, मधूनच पिवळी. विटांचा कमानींचा पूल आला, ३१ मीटर उंच. लोक त्याला चष्मा पूल म्हणतात. मी कठड्याला धरून हळूहळू चालत होते, शेजारून सत्तरीच्या आजीबाई पाठीला सॅक लावून तुरुतुरु पुढे गेल्या!

शेवटचा बोगदा संपला आणि समोर स्टेशन. गंजलेले रूळ, शेवाळलेला फलाट. कुणाची लगबग नाही, फक्त पानं पडत होती. 'मोमिजी' हे जपानी मुलांचं शाळेतलं गाणं इथल्याच रंगांवरून सुचलं म्हणतात. फोटो काढून झाले. तेवढ्यात एका बाजूला पुतळा दिसला. आई, आणि तिच्या कवेत बाळ.

नणंदेने माहिती वाचून दाखवली. जून १९५०. रात्री इथे दरड कोसळली. माणसं ती उपसत होती. ९ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास डोंगर पुन्हा खाली आला, कामगारांवर आणि त्यांच्या क्वार्टर्सवरही. पन्नास जण गेले. त्यात बायका होत्या, मुलं होती.

क्वार्टर्स हा शब्द ऐकला आणि माझे पाय तिथेच थांबले. जुलैतल्या रात्री, धो धो पाऊस, वडील कंदील आणि फटाक्यांचा डबा घेऊन लाइन तपासायला निघायचे. आई दाराची कडी लावून घ्यायची. आम्ही भावंडं गाढ झोपायचो. ती झोपायची का, हे मी कधी विचारलंच नाही.

मी तिथल्याच एका बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. लाल डोंगर दाखवले. ती म्हणाली, "ते राहू दे, त्या बाईचा चेहरा दाखव."

बराच वेळ ती बघत राहिली. मी विचारलं, "आई, तुला भीती वाटायची गं तेव्हा?"

"रोज. पहाटे त्यांच्या बुटांचा आवाज आला की मग चहाचं आधण ठेवायचे. तुम्हाला कशाला सांगायचं?"

आपल्या बोरघाटाचे बोगदे, पूल यांचं कौतुक आपण करतोच. पण पावसाळ्यात त्या घाटाखाली जाग्या राहिलेल्या बायका? उसुईच्या लोकांनी रूळ, विटा जपल्या आणि एका आईलाही तिथे जागा दिली.

परत आल्यावर पहिल्यांदा कर्जतला गेले. चार दिवस राहिले. वही घेऊन. आई सांगतेय, मी लिहितेय.