कर्जमाफी: न्याय कुणाला?

२०२२मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी १०,००० डॉलरपर्यंतचं शैक्षणिक कर्ज माफ करण्याची योजना जाहीर केली. गरजूंसाठीचं पेल अनुदान घेतलेल्यांना २०,००० पर्यंत. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली.

‘पोटाला चिमटा काढून ज्यांनी हप्ते फेडले, त्यांचं काय?’ हा आक्षेप रास्तच आहे. पण व्याजाचा हिशेब मांडून पाहा. ३०,००० डॉलरवर ६ टक्क्यांनी महिन्याला १५० डॉलर व्याज चढतं. तुटपुंज्या पगारामुळे हप्ता १०० डॉलरच बसला आणि उरलेलं व्याज माफ झालं नाही, तर नियमित फेडूनही थकबाकी दरमहा ५० डॉलरने वाढते. सरसकट माफीपेक्षा मुद्दलाइतकी रक्कम भरूनही अडकलेल्यांना आधी सोडवणं, हाच खरा न्याय.