जठराच्या अस्तरातील कर्बोदकी प्रतिजन

जठराच्या श्लेष्मल अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागी प्रथिने व मेद यांस शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रतिपिंडांकडून ओळखल्या जातात, त्यांस कर्बोदकी प्रतिजन म्हणतात. रक्तगटांचे ए, बी व लुईस हे प्रतिजन याच कुळातील होत. १९५३ साली एअर्ड, बेंटॉल व रॉबर्ट्‌स यांनी ए रक्तगट आणि जठराचा कर्करोग यांमधील संबंध दाखवून दिला.

निरोगी अस्तरावरील लुईस-बी या प्रतिजनास हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू चिकटतो. दाह दीर्घकाळ टिकला म्हणजे सियालिल-लुईस-एक्स वाढतो व जंतूस दुसरा आधार मिळतो. पुढे जठराच्या पेशी आतड्याच्या पेशींचे रूप धारण करू लागल्या, की निरोगी अस्तरात सहसा न आढळणारा सियालिल-टीएन दिसू लागतो. ही साखळी आखूड असते. शब्द पुरा होण्यापूर्वीच प्रत्यय लागावा, त्याप्रमाणे तिला सियालिक आम्ल जडते व तिची वाढ खुंटते. हेच चिन्ह कर्करोगातही आढळते. म्हणून केवळ त्यावरून निदान करणे युक्त नव्हे.

रक्तात मोजल्या जाणाऱ्या सीए १९-९ विषयीही, म्हणजे सियालिल-लुईस-ए या प्रतिजनाविषयीही, हीच सावधगिरी हवी. पित्तमार्ग अडल्यास कर्करोगावाचूनही त्याचे प्रमाण वाढते. उलट, ज्यांच्यात लुईस जनुक कार्यक्षम नसते, त्यांच्या शरीरात तो जवळजवळ निर्माणच होत नाही. त्यांच्या बाबतीत अल्प आकडा हा निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही. अंतिम निर्णय ऊतकाच्या प्रत्यक्ष परीक्षणावरच सोपविणे इष्ट होय.