आजोबांचा बॅकअप घेता येईल का?



गेल्या रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल चालू होता. माझे वडील हल्ली विसरायला लागलेत. "तिकडं थंडी पडली का रे?" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. कॉल संपल्यावर माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबा सगळं विसरायच्या आधी त्यांचं मन कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवता येईल का?"

मी आयटीत आहे. एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर नेणं हे माझं रोजचं काम. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरीही असा प्रश्न कधी ना कधी येईल, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

कल्पना आपल्याला नवी नाही. परकायाप्रवेशाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारतींनी वादात संसाराबद्दलचे प्रश्न विचारले. शंकराचार्य तर संन्यासी! मग त्यांनी अमरू नावाच्या मृत राजाच्या देहात प्रवेश केला आणि त्यांचा मूळ देह शिष्यांनी गुहेत राखला, अशी ती आख्यायिका. यात एक गोष्ट लक्षात घ्या. मन एकच आहे. ते इथून उठलं, तिथं गेलं आणि परत आलं. कॉम्प्युटरच्या भाषेत हे कट-पेस्ट झालं.

आता आमच्या धंद्यातलं गुपित सांगतो. एका मशीनवरची फाईल दुसऱ्या मशीनवर 'हलवली' असं आम्ही म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीच हलत नाही. तिकडं नवी प्रत तयार होते आणि मग इकडची पुसली जाते. फाईलच्या बाबतीत कोणाला फरक पडत नाही. माणसाच्या बाबतीत?

नेमका हाच प्रश्न आपल्या ऑस्ट्रेलियातल्या एका लेखकानं धरून ठेवलाय. ग्रेग इगन, जन्म १९६१, पर्थचे. गणित शिकलेले आणि प्रोग्रामर म्हणून काम केलेले. त्यांची 'लर्निंग टू बी मी' ही कथा १९९० सालची. त्यात प्रत्येकाच्या डोक्यात लहानपणापासून एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो मेंदूकडे बघत बघत अगदी त्याच्यासारखं वागायला शिकतो. मोठेपणी एक दिवस शरीराचा ताबा त्याच्याकडे द्यायचा आणि मेंदू काढून टाकायचा. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बायको, मित्र, सगळे खूश. प्रश्न एवढाच, की आतला 'मी' कोणता? शेवट सांगत नाही, जरूर वाचा.

१९९४ च्या 'पर्म्युटेशन सिटी' या कादंबरीत इगन आणखी पुढे जातात. तिथं माणसांच्या प्रती कॉम्प्युटरमध्ये जगतात, पण कॉम्प्युटरचा वेळ विकत घ्यावा लागतो. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याची प्रत हळू चालते. माझ्यातला एमबीए इथं जागा झाला. आजोबांना सर्व्हरवर ठेवलं, तर दर महिन्याचं बिल कोण भरणार? आणि एखाद्या महिन्यात नाही भरलं तर?

आता विज्ञान कुठवर आलंय ते पाहू. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. शिवाय त्या माशीच्या मेंदूचे अतिशय पातळ काप करून, एकेकाचे फोटो काढून तो नकाशा झाला. म्हणजे नकाशा मिळाला तेव्हा माशी उरली नव्हती. आणि नकाशा म्हणजे चालतं मन नव्हे. सांगलीच्या नकाशावर कृष्णेला पाणी येत नाही.

मात्र मेंदू आणि यंत्र जोडण्याचं काम इथं मेलबर्नमध्येच झालंय. डॉक्टर थॉमस ऑक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्टेंट्रोड' नावाची बारीक जाळी बनवली. कवटी न उघडता, मानेतल्या शिरेतून ती मेंदूजवळच्या रक्तवाहिनीत नेऊन बसवतात. २०१९ मध्ये रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. मोटर न्यूरॉन आजारानं हातपाय थकलेली माणसं तिच्या मदतीनं कॉम्प्युटर वापरू शकली. इथं मन कुठं हलवलेलं नाही. माणूस जागच्या जागी आहे, फक्त त्याचा निरोप बाहेर पोचतोय.

हे सगळं वाचून मी मुलीला म्हटलं, "बेटा, आजोबांचं मन आज तरी कॉम्प्युटरमध्ये टाकता येत नाही. उद्या टाकता आलं, तरी ती प्रत तुला आजोबांसारखी वाटेल. पण सांगलीच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांना त्याचा उपयोग होणार नाही. ते विसरतच राहतील."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे बॅकअप आपल्यासाठी असतो."

श्रोतेहो, बॅकअप वाईट नाही. आम्हीही आता दर रविवारी वडिलांना एक जुनी आठवण विचारतो आणि त्यांना सांगून रेकॉर्ड करतो. पण त्याला रेकॉर्डिंगच म्हणतो, आजोबा म्हणत नाही. डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटंही काढली आहेत. आणि थंडीचा प्रश्न त्यांनी चौथ्यांदा विचारला, तर चौथ्यांदा उत्तर द्यायचं, असं घरात ठरलंय.

तुमच्या घरी असा प्रश्न आला, तर तुम्ही काय उत्तर द्याल? मुलांशी बोलून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!