हात हलू द्या, बोट सांभाळा

२०१८च्या ऑगस्टमध्ये पालेम्बांगला आशियाई स्पर्धेतली २५ मीटर पिस्तूलची अंतिम फेरी संपली, तेव्हा कोल्हापूरच्या राही सरनोबतचे आणि थायलंडच्या नफास्वान यांगपाईबूनचे गुण सारखेच होते, ३४. शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीने बाजी मारली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अशा वेळी आपण टीव्हीसमोर बसून हमखास म्हणतो, काय स्थिर हात आहे!

हात स्थिर नसतो. राहीचा नसतो, मनू भाकरचा नसतो, कुणाचाच नसतो. पुढे धरलेला जिवंत हात सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा थरथरतो. स्नायू आखडतात-सैलावतात त्याचा हा कंप, त्यात छातीतल्या ठोक्याचा धक्का आणि श्वासाची चढउतार मिसळते. हा कंप औषधाने कमी करता येतो. ती औषधं म्हणजे बीटा-ब्लॉकर, रक्तदाबाच्या रुग्णांना नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने पिस्तुलात दोन पदकं मिळवली आणि प्रोप्रानोलॉल हे बीटा-ब्लॉकर सापडल्यामुळे दोन्ही गमावली. नेमबाजीत ही औषधं स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, एरवीही निषिद्ध आहेत.

मग गोळ्या न घेता, थरथरत्या हाताने दहा गुण कसे मिळतात? इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते शाळेतल्या समरूप त्रिकोणांपलीकडे जात नाही.

आमच्या सोलापुरात कुणी नेमबाजीची सुरुवात करायची म्हटली तर ती १० मीटर एअर पिस्तुलानेच होईल आणि तेच योग्य. जागा लागते ती एका लांबट हॉलची. लक्ष्यावर दहाचं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटर व्यासाचं, त्याच्याभोवती दर आठ मिलिमीटरला एक गुण कमी. पिस्तूल एकाच हाताने धरायचं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, पण त्यात ऐट काही नव्हती. मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदा हलतो, म्हणून खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा, एवढंच.

पिस्तुलाच्या मागच्या साइटची खाच आणि पुढची साइट यांच्यात सुमारे ३५ सेंटीमीटर अंतर असतं. समजा सगळा हात जसाच्या तसा पाच मिलिमीटर उजवीकडे सरकला, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या. छर्रा पाच मिलिमीटर उजवीकडे लागेल, म्हणजे अजूनही दहा. आता उलटं बघा. हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळल्याने पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली. दहा मीटरवर ही चूक २८ पट होते. जवळजवळ तीन सेंटीमीटर. दहाचे सात झाले.

म्हणजे हाताची डुलणी माफ असते, मनगटाची मुरड नाही. आणि मनगट मुरडतं ते बहुतेक वेळा तर्जनीमुळे.

नवख्याचं काय होतं ते दहा मिनिटं रेंजवर उभं राहिलं की दिसतं. तो काळ्या गोलाकडे डोळे लावून वाट पाहतो, साइट मध्यावर आली की मनात ‘आत्ता!’ म्हणतो आणि ट्रिगर खेचतो. डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तेवढ्यात हाताच्या कंपाची दोन आवर्तनं झालेली असतात. जे दृश्य पाहून त्याने ट्रिगर ओढला ते केव्हाच निघून गेलं. वर त्या झटक्याने मनगट खाली दबतं, नाहीतर बाजूला वळतं. छर्रे लक्ष्याच्या खालच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि पठ्ठ्या साइटचे स्क्रू फिरवत बसतो.

जाणता नेमबाज क्षण पकडायला जातच नाही. काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्या भागात एक पट्टा मनाशी धरतो, त्या पट्ट्यात साइट डुलू देतो आणि बोटाचा दाब सावकाश, एकसारखा वाढवत नेतो. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. त्यातला बराचसा दाब आधीच दिलेला असतो, उरलेला कधी पुरा होईल हे त्याचं त्यालाही नेमकं ठाऊक नसतं. नजर लक्ष्यावर नसून पुढच्या साइटवर असते. साइट काळीभोर, धारदार दिसली पाहिजे आणि लक्ष्य पुसट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि २८ पट महाग चूक कुठली ते आपण आत्ताच पाहिलं. (चाळिशी उलटलेल्यांना हातभर अंतरावरची साइटच पुसटते. त्यासाठी नेमबाजीचा वेगळा चष्मा मिळतो, लाजू नये.) पिस्तूल खाली येतं, श्वास अर्धवट सोडून थांबतो, आणि आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर हात खाली. पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट जमलेला नेम सोडून देण्याचं हे धैर्य सगळ्यात उशिरा येतं.

१९८७मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी हृदयाच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं, तेव्हा कसलेले नेमबाज ट्रिगर बहुतेक दोन ठोक्यांमधल्या शिथिल काळात सोडताना आढळले. नवख्यांचा काही नेम नव्हता. हे कुणी मोजून करत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावात अंगात भिनतं.

त्या सरावातला मोठा भाग छर्र्याशिवायच होतो. ड्राय फायरिंग. रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत, लक्ष्यसुद्धा नाही. ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली का, एवढंच पाहायचं. आवाज नाही, धक्का नाही, म्हणून मेंदू आधीच दचकून अंग आकसून घेत नाही. घरी करायचं असेल तर खोलीत एकही छर्रा किंवा काडतूस नको, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते माहीत हवं.

सुरक्षेचे नियम याच तर्जनीपाशी येतात. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, नळीच्या कडेने सरळ. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने, मग पिस्तूल रिकामं असल्याची कितीही खात्री असो. नेमबाजी सुरू नसते तेव्हा नळीतून रंगीत दोरी ओवलेली असते. ती बाहेर दिसते तोवर आत छर्रा नाही हे दुरूनही कळतं. ‘स्टॉप’ ऐकू आलं की वाक्यसुद्धा पुरं करायचं नाही. कुणी लक्ष्याकडे चालत गेलं असेल तर मागे उरलेल्यांनी पिस्तुलाला हातही लावायचा नाही. रेंज ऑफिसर या बाबतीत खडूस असतो आणि तसाच असावा. गंमत म्हणजे जो बोटाची ही शिस्त पाळतो त्याचाच ट्रिगर पुढे गुळगुळीत सुटतो. बोट आपसूक कडीत शिरणाऱ्याचं बोट आपसूक दाबही देतं.

एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. ऊर्जा पाच-सहा ज्यूल. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. डोळा फोडायला मात्र पाच ज्यूल पुरून उरतात, म्हणून चष्मा हवाच. राही ज्या प्रकारात खेळते त्या .२२ पिस्तुलाची गोळी शंभर ज्यूलच्या वर जाते. तिथे शस्त्र कायदा, परवाना आणि मान्यताप्राप्त रेंज हे सगळं आलं. पुण्याच्या बालेवाडीसारखी सोय सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर आहे.

.२२ची बंदिस्त रेंज इथे कधी उभी राहिली, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, आवाज. यंत्रमागाच्या कारखान्यात उभ्या हयातीत ऐकू येईनासं झालेले लोक या शहराला नवे नाहीत. तिथला खडखडाट साधारण ९५ ते १०० डेसिबलचा. .२२चा बार क्षणभराचा असतो, पण त्याचं शिखर १४० डेसिबलच्या पुढे जातं आणि काँक्रीटच्या भिंतींवरून परत येतं. डेसिबलचं माप दर दहाला दहापट चढतं, हे लक्षात घेतलं की कानावरचे मफ्स ही चैन वाटत नाही.

दुसरी गोष्ट शिसं. गोळी शिशाची, काडतुसाच्या पेटत्या मसाल्यातही शिशाचं संयुग. गोळी सुटताना आणि पोलादी अडसरावर फुटताना त्याची धूळ हवेत जाते, हातावर, कपड्यांवर बसते. लहान मुलांच्या मेंदूला थोडं शिसंही बाधतं. आपण हाताने जेवणारे लोक. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी मोडायची नाही, डबा रेंजच्या आत उघडायचा नाही, सरावाचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. जमीन झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आणि एप्रिल-मेचा सोलापुरी उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की दारं-खिडक्या लावून कूलर कुठेतरी कोपऱ्यात ढकलण्याची आपली रीत. रेंजमध्ये तो लक्ष्याच्या बाजूला लागला तर तिथली सगळी धूळ थेट नेमबाजाच्या तोंडावर येते. हवा नेहमी नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहिली पाहिजे, एकसारखी, भोवरे न करता. कूलर मागच्या भिंतीत, एक्झॉस्ट लक्ष्यामागे, त्याला गाळणी, आणि ती बदलायची तारीख दारावर लिहिलेली.