ॲक्युपंक्चर शिकायचे आहे? फी भरण्यापूर्वी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की टावर चौक, फ्रीगंज परिसरातल्या क्लासेसमध्ये पालकांच्या चकरा सुरू होतात. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलामुलींच्या घरी मग इतर वाटांचा शोध लागतो, आणि त्यात ॲक्युपंक्चरचेही नाव निघते. 'तीन महिन्यांत कोर्स, लगेच दवाखाना' असे कोणी सांगितले तर मोह पडणे स्वाभाविक आहे. म्हणून ही विद्या शिकण्यात नेमके काय काय येते, ते आपल्या समाजातील कुटुंबांसाठी थोडक्यात देत आहोत.

मराठी माणसाचा धागा

ॲक्युपंक्चर म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले. त्यात कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मात्र ते शल्यचिकित्सक होते, सुया टोचणारे वैद्य नव्हेत. ही विद्या भारतात आणली ती त्याच पथकातील कोलकात्याच्या डॉ. विजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती शिकले आणि परतून कोलकात्यात उपचार व शिकवणे सुरू केले. हाताशी डॉक्टरकी असूनही बसू पुन्हा विद्यार्थी झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिकायचे काय?

शरीरावरच्या चौदा मुख्य वाहिन्या आणि त्यांवरचे ३६१ बिंदू हा पाया. बिंदू मोजण्याचे माप आहे 'त्सून', म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. उदाहरणार्थ, गुडघ्याच्या वाटीखालचा एक प्रसिद्ध बिंदू तीन त्सून, म्हणजे रुग्णाची जोडलेली चार बोटे, खाली असतो. आयुर्वेदातले स्वांगुल प्रमाण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच समजेल. पुढे यिन-यांग, पंचतत्त्वे, नाडी व जीभ पाहून निदान, सुईचा कोन आणि खोली, मोक्सा म्हणजे जडीबुटीचा शेक, कपिंग अशी मालिका असते.

पण खरा कस लागतो आधुनिक शरीररचनेत. छातीवर किंवा खांद्याजवळ सुई जरा खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. गरोदर स्त्री, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा रुग्ण, पेसमेकर असलेल्या रुग्णाला सुयांमधून वीज देणे, इथे कुठे थांबायचे ते कळावे लागते. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या. आणि मुख्य म्हणजे पाठदुखी घेऊन आलेल्या माणसाला कधी सुई न लावता आधी तपासणीला पाठवायचे, हेही शिकावे लागते. जुनाट दुखणी, डोकेदुखी, मळमळ यांत या उपचाराचा काहींना उपयोग होतो. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्यापासून दूरच राहावे.

किती वेळ लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्यास पूर्ण प्रशिक्षणासाठी सुमारे २,५०० तास आणि पात्र डॉक्टरला १,५०० तास, असे त्यात म्हटले आहे. यातला मोठा वाटा गुरूच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्याचा आहे. चीनमधील पदवी साधारण पाच वर्षांची असते, आणि त्यासाठी बहुधा चिनी भाषाही शिकावी लागते. ती भारतातल्या एमबीबीएसच्या बरोबरीची नाही. रोज सहा तास शिकले तरी २,५०० तासांना सव्वा वर्षाच्या आसपास लागते, तेही एकही सुट्टी न घेता. तीन महिन्यांचा हिशेब कुठे बसतो, ते आपणच पाहावे.

मान्यता आणि नोंदणी

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र आरोग्यसेवा पद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये, तर महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने स्वतंत्र कायदा केला, आणि महाराष्ट्रात त्यासाठी परिषदही आहे. पण आपण राहतो मध्य प्रदेशात. पुण्या-मुंबईला शिकून उज्जैनला दवाखाना काढायचा असेल, तर आधी इथल्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रवेशापूर्वी संस्थेला चार प्रश्न विचारा:

१. अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे? पत्र दाखवाल का?
२. एकूण तास किती, आणि त्यातले रुग्णांसोबतचे किती?
३. शरीररचना कोण शिकवते?
४. उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी कुठे होईल, आणि ती मध्य प्रदेशात चालेल का?

उत्तर टाळले जात असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. ज्याला मनापासून पारंपरिक वैद्यकच करायचे आहे, त्याच्यासाठी आपल्याच गावात शासकीय धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय आहे. बीएएमएसची साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप झाली की ॲक्युपंक्चर पुढची जोड म्हणून शिकता येते. वाट लांब आहे खरी, पण रुग्ण आपले अंग विश्वासाने समोर करतो, तेव्हा त्याला आपल्या हातातली सुई किती तास शिकून आली आहे हे विचारता येत नाही. ते आपणच आधी स्वतःला विचारायला हवे.